लॉजवाल्याला हो म्हणायचं

दोरीकाकांनी एकतीस वर्षं नाटक कंपनीचा पडदा ओढला आणि एकदाही चुकीच्या वेळी ओढला नाही. कंपनीत एवढ्या एकाच गोष्टीवर कुणाचं दुमत नव्हतं. नट वाक्यं विसरत, दिवे ऐन प्रवेशात जळत, राजाची मिशी रडण्याच्या जागी गळून पडे आणि प्रेक्षक हसत. पण विंगेतला तांबडा बल्ब लागला की काकांचा डावा हात दोरी सैल सोडी, उजवा खाली खेची, आणि पडदा असा येई की बघणाऱ्याला वाटावं, तो आपल्याच मनाने आला.

त्या हातांना आता चहाचा कप धरवत नव्हता.

आजाराचं नाव डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं. काकू त्याला नुसतं 'ती' म्हणत. सासरकडची कुणी पाहुणी आली आणि मुक्काम ठोकून बसली, अशा सुरात. "आज ती सकाळपासूनच उठलीय वाटतं." हातांपासून सुरुवात करून ती पायांत उतरली होती आणि वर्षभरापासून गळ्याशी येऊन बसली होती. काका बोलायला लागले की पहिला शब्द घशात अडकून राही, आणि सुटला तरी इतका बारीक येई की समोरच्याने 'काय?' म्हणावं. दुपारी साडेतीनला गोळी घेतली की चार ते साडेपाच हात जरा ऐकत. दिवसाचा तेवढा तुकडा काकांचा होता.

काकूही कंपनीतल्याच. कपडेपट त्यांच्याकडे. राणीचा शालू असो की शिपायाचा डगला, उसवलेलं शिवायचं, सैल झालेलं आवळायचं, घामाचे डाग घालवायचे. लग्न जमलं ते विंगेतच. काकूंच्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून त्यांना नाही म्हणता आलं नाही, असं कंपनीतले लोक सांगत. काकू म्हणत, "टाचण्या काढल्यावर तरी कुणी पुन्हा विचारलं का?"

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात एक जुना, पोट सुटलेला टीव्ही होता आणि त्याला जोडलेला करड्या रंगाचा गेमचा डबा. तो डबा एका नटाने मुलासाठी आणला होता. मुलाला त्याचा आठ दिवसांत कंटाळा आला आणि डबा रंगमंचाखालच्या खोलीत येऊन पडला. पहिला पडदा उघडला की मध्यंतरापर्यंत काकांना सव्वा तास काम नसे. बाकीचे डुलक्या काढत. काका आवाज बंद करून गेम खेळत, एक डोळा तिथेही लावलेल्या तांबड्या बल्बवर ठेवून.

गेम धावपळीचा नव्हता. चार जण एका खेड्यातून निघतात. गावोगाव फिरतात, माणसांशी बोलतात, भुताखेतांशी लढतात आणि लढता लढता पायरीपायरीने बळकट होतात. शेवटी एका काळ्या किल्ल्यात एक काळा राजा असतो, त्याला गाठायचं. भूत समोर आलं की गेम थांबून विचारतो, मारू, मंत्र टाकू, औषध देऊ की पळू? तुम्ही हवा तेवढा वेळ घ्या. वाट बघण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याला याहून चांगला खेळ कुठला मिळणार?

चौघांना नावं आपण द्यायची. काकांनी दिली होती पडदा, दिवा, रंग आणि तिकीट. पडदा म्हणजे ते स्वतः. दिवा हा प्रकाशयोजनेवाला, रंग हा मेकअपमन, तिकीट हा खिडकीवर बसणारा. चौघांनी तीस वर्षं एका डब्यातलं खाल्लं होतं. कंपनी बंद झाली त्या वर्षी दिवा गेला. मग रंग. तिकीट मुलाकडे दूर राहायला गेला आणि तिथून एक दिवस फक्त फोन आला. गेममध्ये मात्र चौघेही सदतिसाव्या पायरीवर होते, उत्तम कपड्यांत, काळ्या राजाच्या दाराबाहेर. काकांनी त्यांना तिथवर आणलं आणि तेवढ्यात 'ती' आली. तीन वेळा ते आत गेले. तिन्ही वेळा बोट हललं आणि 'औषध'च्या जागी 'पळ' दाबलं गेलं. मग त्यांनी चौघांना दाराशी परत आणून उभं केलं आणि डब्यावर फडकं टाकलं. त्याला तीन वर्षं झाली होती.

भाच्याने एकदा मोबाईल पुढे केला. "मामा, शेवट इथे आहे. सहा मिनिटांचा व्हिडिओ. बघून टाका एकदाचा."

"दुसऱ्याच्या लग्नाची कॅसेट मी कशाला बघू?" काका म्हणाले. भाच्याने 'काय?' विचारलं, तर त्यांनी मान हलवली.

पण तो गेल्यावर काकू जवळ येऊन बसल्या. "तुम्हाला तो शेवट बघायचाय ना?"

काकांनी बराच वेळ शब्द जुळवला. "त्या तिघांबरोबर. समोर बसून. आयुष्यभर शेवट बाजूनंच बघितला गं."

"मग मी दाबते बटणं. तुम्ही सांगा."

काकांना हसू आलं. ज्या बाईने टीव्हीचा रिमोटसुद्धा चिमटीत धरला, ती काळ्या राजाशी लढणार. पण हसू ओसरल्यावर त्यांनी विचार केला. एकदम शेवटच्या लढाईला उभं केलं तर ती चौघांनाही मारून येईल. आधी शिकायला हवं. त्या डब्यात दोनच पानं होती, म्हणजे दोनच खेळांची नोंद राहायची. पहिल्या पानावर काकांचे चौघे होते. दुसरं कोरं होतं. ठरलं असं की काकूंनी दुसऱ्या पानावर नवा खेळ मांडायचा, गावापासून मोठ्या पुलापर्यंत जायचं, हात बसला की मग पहिलं पान उघडायचं आणि किल्ल्यात शिरायचं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता काकू चष्मा पुसून बसल्या. गेमने नावं विचारली.

"काकू," त्यांनी सांगितलं. "पुढे आत्या, मावशी आणि मामी."

"अगं, पहिला हिरो आहे. त्याला दाढी आहे."

"असू दे. माझ्या कपडेपटात बायकांनी दाढ्या लावल्यात, पुरुषांनी वेण्या घातल्यात. मावशीला औषधाचं काम द्या. मामीला मंत्र. मामीचं बोलणं नाहीतरी लागतंच माणसाला."

काका शिकवू लागले. बोलणं तुटक, पण गुरू पक्का होता. गावात गेलीस की प्रत्येकाशी बोल, आणि एकदा नाही, दोनदा. पहिल्यांदा ते हवापाणी सांगतात, दुसऱ्यांदा कामाचं. दर वेळी पळू नको, पळून कुणी बळकट होत नाही. मावशीला मागे ठेव, ती पडली की सगळं पडलं. वाटेतली भुतं मारून पायऱ्या चढ, त्याला कंटाळू नको. अठराव्या पायरीशिवाय पुलाचं नाव काढू नको. आणि संध्याकाळी कुठल्याही गावात लॉजवर मुक्काम कर. लॉजवाला काय काय विचारतो. राहणार का, थकवा घालवू का, नोंद करू का. "तो काहीही विचारू दे," काका म्हणाले. "हो म्हणायचं. लॉजवाल्याला नाही म्हणून कधी कुणाचं भलं झालं नाही."

"हे मला दौऱ्यावरच कळलंय," काकू म्हणाल्या.

पटेना ती एकच गोष्ट. गेममध्ये नवी ढाल मिळाली की जुनी विकायची. प्रत्येकाकडे आठच वस्तू राहतात. काकू काही विकेनात.

"चामड्याचा डगला आहे हो. चांगला आहे अजून."

"नवा लोखंडी घातलाय ना आत्यानं?"

"मग काय झालं? उद्या मामीला होईल. जुनं कापड म्हणून टाकलं आणि दुसऱ्याच प्रयोगाला शोधत बसलो, असं किती वेळा झालंय सांगा."

"अगं, औषधाला जागा नाही."

"मावशी हातात धरेल."

काकांनी कपाळावर हात मारायला उचलला, तो तिथेच थरथरत राहिला, आणि दोघंही हसली.

एक काम मात्र काकांनी स्वतःकडे ठेवलं होतं. मुक्कामाची वेळ झाली, लॉजवाल्याने 'नोंद करू का' विचारलं की ते हात पुढे करत. काकू बटणांची पट्टी त्यांच्या मांडीवर ठेवत. मग काका डाव्या हाताने उजवं मनगट धरून एकच बोट टेकवत. एकदा खाली, एकदा हो. दिवसभरात त्यांच्या हाताने पुरं होणारं तेवढंच काम. काकू त्या वेळी चहा टाकायला उठत आणि पाठमोऱ्या राहत.

खाली का दाबायचं, हे काकांनी कधी सांगितलं नाही. लॉजवाला नोंद करताना आधी पहिलं पान पुढे करतो, आपण एक खाली गेलो तरच दुसरं येतं. हे सांगायला चार शब्द लागले असते. पण सांगितलं असतं तर काकूंनी तेही केलं असतं, त्या चटपटीतच तशा. मग काकांनी काय, नुसतं बघत बसायचं?

महिन्याभरात काकू नवव्या पायरीवर आल्या. गुरुवारी साडेतीनची गोळी घेतली आणि चार वाजता दारावर थाप पडली. कंपनीचे जुने मॅनेजर आले होते. वय झालं तरी आवाज तोच, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. दोन तास त्यांनी गप्पा मारल्या. काकूंनी खायला केलं. काका ऐकत बसले आणि घड्याळाकडे बघत राहिले. त्यांचे चार ते साडेपाच पाहुण्यांच्या गप्पांत चालले होते, आणि तसं बोलून दाखवण्याइतका आवाज असता तरी ते बोलले नसते.

"हे काय, दोरीकाका अजून खेळतो?" सहा वाजता मॅनेजरना कोपऱ्यातला टीव्ही दिसला.

"मी खेळते," काकू म्हणाल्या. त्यांना दाखवायची हौस आली. "थांबा, आज तळ्याकाठच्या गावापर्यंत जायचंच आहे."

खेळ सुरू झाला. काकू खरंच छान खेळल्या. मामीने एका मंत्रात तीन वटवाघळं पाडली. मॅनेजर मांडीवर थाप मारत होते. काकांच्या पायांत एव्हाना 'ती' परतली होती. हात मांडीवर आपोआप उडत होते, म्हणून त्यांनी ते गुडघ्यांखाली दाबून धरले. सव्वासहाला चार बायका तळ्याकाठच्या लॉजवर पोचल्या.

लॉजवाल्याने विचारलं, राहणार का?

काकांनी उजवा हात सोडवला आणि पुढे केला. तो हवेत इतका हलला की शेजारचा पेला लागून जमिनीवर घरंगळला. मॅनेजरनी पटकन दुसरीकडे पाहिलं आणि त्या पाहण्याची भरपाई म्हणून मोठ्याने बोलायला लागले. "वहिनी, तुम्हाला तो प्रयोग आठवतो? नायकाला चक्कर आली, वाक्य अर्धं, आणि बल्ब लावायला विंगेत कुणीच नाही. मी तर डोळे मिटून घेतले. आणि या गड्याने स्वतःच्या अकलेने पडदा टाकला. एक क्षण इकडे नाही, तिकडे नाही."

काकूंनी नवऱ्याचा हात पाहिला. पाहुण्यांसमोर त्यांना ती झटापट नको होती, त्यांच्यासाठीच नको होती. त्यांनी पट्टी मांडीवर ठेवली नाही. "राहू द्या," त्या हळूच म्हणाल्या. "करते मी. येतं मला."

थकवा घालवू का? हो.

नोंद करू का? हो.

पहिलं पान पडद्यावर आलं. काकांना ते लांबूनही वाचता आलं. पडदा, दिवा, रंग, तिकीट, पायरी सदतीस. त्यांनी तोंड उघडलं. 'खाली' हा शब्द जिभेवर तयार होता. ओठ हलले. आवाज घशात नेहमीच्या जागी जाऊन बसला.

"एकतीस वर्षं," मॅनेजर सांगत होते. "एकदासुद्धा..."

या पानावर जुनी नोंद आहे, लॉजवाला म्हणाला. पुसून नवी करू का?

काकूंचं बोट क्षणभर थांबलं. हा प्रश्न त्यांनी कधी वाचला नव्हता. नोंदीच्या वेळी त्या चुलीशी असत. पण लॉजवाल्याला काय म्हणायचं, ते त्यांना पक्कं शिकवलेलं होतं.

हो.

"खा...ली," काका म्हणाले.

"काय?" मॅनेजरनी विचारलं.

"पेला खाली पडला म्हणतायत," काकू म्हणाल्या आणि वाकून पेला उचलला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता काकूंनीच टीव्ही लावला. पहिलं पान, काकू, आत्या, मावशी, मामी, पायरी नऊ. दुसरं पान, काकू, आत्या, मावशी, मामी, पायरी आठ. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तुमचे चौघे कुठे गेले हो?"

काकांनी रात्रभरात उत्तर तयार ठेवलं होतं. "डबा जुना झाला. गेले असतील आपोआप."

काकूंनी आयुष्यभर कापड हाताळलं होतं. फाटलेलं कुठलं आणि कात्री लागलेलं कुठलं, हे त्यांना अंधारातही कळत असे. "आपोआप नाही," त्या म्हणाल्या. "मी कापलं."

"मी सांगितलं नव्हतं."

"मी विचारायला हवं होतं. इतके दिवस तुम्ही दोनदा दाबताय, आवाज ऐकू यायचा मला. मी एकदाच दाबलं. काल तुम्ही 'खाली' म्हणालात ते..."

काकांनी मान हलवली, हो का नाही ते कळलं नाही. त्यांची मान हल्ली तशीही हलत असे.

काकूंनी डब्यात खोचलेली गेमची चौकोनी कॅसेट काढली, रुमालात गुंडाळली आणि चप्पल घालून बाजारातल्या रिपेअरवाल्याकडे गेल्या. तो भला माणूस होता. त्याने ती उघडून भिंगातून पाहिली. "काकू, हा कागद असता तर रबर फिरवल्यावर थोडा ठसा राहिला असता. यात तसं नाही. नवं लिहिलं की जुनं नव्हतंच."

"पैसे लागतील तितके..."

"पैशांचं नाही हो," तो म्हणाला, आणि कॅसेट परत रुमालात नीट गुंडाळून दिली.

त्यानंतर दोन दिवस टीव्ही लागला नाही. काकू धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत, मोडत आणि पुन्हा घालत. काका खुर्चीत बसून त्या हातांकडे बघत. काही बोलावं असं त्यांना फार वाटे. तुझा दोष नाही, हे तर सांगायचंच होतं. पण ते वाक्य लांब होतं, आणि अर्ध्यावर तुटलं तर नुसतं 'तुझा दोष' एवढंच ऐकू जाईल, ही भीती होती.

तिसऱ्या दिवशी चार वाजता काकू पदर खोचून टीव्हीपुढे बसल्या. चारही बायकांना घेऊन त्या तळ्याकाठच्या गावातून निघाल्या आणि सरळ उत्तरेला चालू लागल्या.

"अगं, तिकडे पूल आहे," काका म्हणाले.

"माहितीय."

"नववी पायरी तुझी."

"माहितीय."

पुलावर दगडी पहारेकरी होता. त्याने एका फटक्यात मावशीला पाडलं, दुसऱ्यात मामीला. चौघी मेल्या, आणि गेमने त्यांना लॉजवर परत आणून सोडलं. काकू पुन्हा निघाल्या. पुन्हा मेल्या. दुसऱ्या दिवशी चार वेळा. आठवडाभर असंच चाललं. एखादे वेळी पहारेकरी थोडा दमलासा वाटे, आणि मग उठून चौघींना झोपवी.

काकांना बघवेना. खेळात काय करायला हवं ते त्यांना ओळ न् ओळ पाठ होतं. आठव्या दिवशी गोळी चांगली लागली होती. त्यांनी दम साठवला आणि एका दमात जेवढं येईल तेवढं बोलले. "अशानं नाही होणार. आधी गावाबाहेर छोटी भुतं मार. महिनाभर. मग जंगल. मग पूल. घाई या खेळात चालत नाही."

काकूंनी पट्टी मांडीवर ठेवली. "आणि पुलानंतर?"

"दोन बेटं. मग वाळवंट. मग किल्ला."

"तुम्हाला किती दिवस लागले होते?"

"मी अधूनमधून खेळायचो."

"किती?"

"रोज बसलीस तर वर्ष. दीड वर्ष."

काकू ते मनात मोजत असाव्यात. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे त्यांनी पाहिलं. पुढच्या महिन्याच्या पानावर डॉक्टरांची तारीख लाल पेनाने गोल केलेली होती. मागच्या खेपेला डॉक्टर गोळ्यांबद्दल बोलले होते. गोळी वाढवू, पण चार ते साडेपाच हे आता चार ते पाच होईल, मग आणखी कमी. डोळ्यांबद्दलही बोलले होते, आणि आठवणीबद्दल, आणि त्या वेळी काकूंनी काकांना बाहेर बाकावर बसवलं होतं. पण दार नीट लागलं नव्हतं. हे दोघांनीही एकमेकांना सांगितलं नव्हतं.

"चौघे नसले तरी शेवट तरी समोर बसून बघाल," काकू म्हणाल्या. "तेवढं तरी मला करू द्या. तुम्ही म्हणता हळू जा. हळू जायला वेळ आणू कुठून मी?"

काकांनी जन्मभर अनेकांना सावरून घेतलं होतं. नटाचा तोल गेला की पडदा टाकायचा, एवढी त्यांची विद्या. या प्रश्नावर टाकायला त्यांच्याजवळ काहीच नव्हतं.

"तसं असेल," ते कसंबसं म्हणाले, "तर निदान... मावशीला औषध दे आधी. पुलाच्या अलीकडे."

"तिच्याकडे जागा नाही. डगले आहेत."

"डगले विक मग."

काकू दुकानात शिरल्या आणि चामड्याचा डगला विकला, त्यामागोमाग सुती झगा, जुनी टोपी, एकेक करत सगळंच. आलेल्या नाण्यांची औषधं घेतली, मावशीच्या हाती दिली आणि उत्तरेची वाट धरली.

पहारेकरी उठला. पहिल्या फटक्याला मावशी वाचली. काकूंनी औषध दिलं. दुसऱ्यालाही वाचली. काका खुर्चीत पुढे सरकले. पुढे काय होणार ते त्यांना माहीत होतं. तिसऱ्या खेपेला पहारेकरी मावशीला सोडून सगळ्यांवर एकदम घाव घालतो आणि नवव्या पायरीवर तो कुणालाच सोसत नाही. काकूंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं, आता काय करू, अशा नजरेने. डोळ्यांत इतकी आशा होती की काकांनी खोटंच सांगितलं.

"मार," ते म्हणाले. "होईल."

काकूंनी बटण दाबलं.